ट्रे कोण हलवतं?

७ जून

प्रिय मामा,

पोचले. खोली मिळाली, दाराला तू दिलेलंच कुलूप लावलंय, खिडकीला जाळी आहे. तू बजावल्याप्रमाणे गादी उलटून बघितली. खाली धूळ होती आणि कुणाचा तरी एक मोजा. तो बाहेर टाकला.

पण तुझ्यामुळे माझा पहिला दिवस बुडला, हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. हॉस्टेल खरंच आहे की नुसतं कागदावर, याची खात्री होईपर्यंत तू मला निघूच दिलं नाहीस. बाईंनी (प्रयोगशाळा त्यांची, सगळे त्यांना बाईच म्हणतात) पहिल्या दिवशी प्रयोगशाळा हिंडून दाखवली आणि सगळं समजावून सांगितलं. ते माझं हुकलं. "बाकीच्यांकडून समजून घे," म्हणाल्या. बाकीचे म्हणजे एकच जण. सुट्टीतल्या संशोधनासाठी यंदा दोघांनाच घेतलंय, मी आणि एक मुलगा. तो इतका उंच आहे आणि मान इतकी पुढे काढून चालतो की मी मनातल्या मनात त्याचं नाव उंट ठेवलंय.

कामाचं सांगते. एक खुजं रोपटं आहे, मोहरीच्या नात्यातलं, दिसायला अगदी तण. पण भराभर वाढतं आणि नखरे करत नाही, म्हणून सगळे प्रयोग त्याच्यावर. माझ्याकडे दोन प्रकारचं बी दिलंय. एक साधं, आणि एक बदललेलं, म्हणजे त्यातलं एक जनुक बंद केलंय. ते बंद केल्यावर रोप जास्त जोमाने वाढतं का, हे मी बघायचं. उंटाकडे दुसरंच कुठलं तरी बदललेलं बी आहे. दोघांचे ट्रे एकाच लांब फळीवर, दिव्यांखाली, एका बंद खोलीत. तिला इथे वाढखोली म्हणतात.

सुट्टी संपताना बाई दोघांपैकी एकालाच वर्षभरासाठी ठेवून घेणार आहेत. बाबांचं तुला माहीतच आहे. मला ठेवलं तर ठीक, नाहीतर घरी येऊन बँकेच्या परीक्षेच्या क्लासला बसायचं. तू त्यांच्यापुढे शब्द टाकलास म्हणून मी इथवर आले, हे विसरलेले नाही.

फोन नाही, सगळं लिहून कळवायचं, हा तुझा नियम पाळतेय. टपालपेटीपर्यंत चालत जाणारी अख्ख्या हॉस्टेलात मी एकटीच आहे, एवढं मात्र सांगून ठेवते.

तुझी टिकली


१२ जून

टिकले,

आशीर्वाद आहेतच, ते दरवेळी लिहून शाई घालवत नाही. फोनवर बोललेलं माणूस दुसऱ्या दिवशी साफ नाकारतो. विमा कंपनीत जन्मभर लोकांच्या दाव्यांची चौकशी केली, जळलेल्या दुकानांत आणि पाणी शिरलेल्या गोदामांत हिंडलो, तेव्हा कुठे एवढं कळलं की लिहून दिलंय तेवढंच खरं, आणि तेही दोनदा वाचायचं.

एक दिवस बुडला म्हणून कुरकुरू नकोस. हॉस्टेल निघालं नसतं तर कुठे झोपली असतीस, वाढखोलीत?

आता मुद्द्याचं. माणसं दोन, जागा एक आणि दोघांचा माल एका फळीवर! वाचूनच मला कसंतरी झालं. एका गोदामात दोन भागीदारांचा माल आणि आग बरोब्बर एकाच्याच मालाला, असले दावे मी पाहिलेत. तो मुलगा कसा आहे ते कळव. फार गोड बोलत असेल तर सावध राहा. काहीच बोलत नसेल तर जास्त सावध राहा.

मामी म्हणते, स्वेटर घालून जा, असल्या खोल्या गार असतात. ती कधी असल्या खोलीत गेलीय कोण जाणे.

मामा


२१ जून

प्रिय मामा,

तुझं पत्र वाचून मी खोलीत एकटीच हसले होते. आता हसू येत नाहीये.

रोपं छान उगवली. बदललेल्या बियांचा ट्रे मी फळीच्या मधोमध ठेवला होता आणि साध्यांचा दाराकडच्या टोकाला. बदललेल्यांवर जरा जीव जडलाय, म्हणून त्यांना चांगली जागा. परवा सकाळी गेले तर माझा लाडका ट्रे बाजूला सरकवलेला आणि मधोमध उंटाचा ट्रे ऐटीत बसलेला. काही न बोलता मी माझे ट्रे जागच्या जागी ठेवले. काल आणि आज सकाळी पुन्हा तेच!

वाढखोलीची किल्ली चौघांकडे असते. बाई तिकडे फिरकत नाहीत, आम्ही शुक्रवारी त्यांच्या खोलीत जाऊन सांगायचं. ताई, म्हणजे त्यांच्याकडे डॉक्टरेट करणारी थोरली विद्यार्थिनी, शेतातल्या कामासाठी बाहेरगावी गेलीय, ती ऑगस्टमध्ये येणार. उरले मी आणि उंट.

तू विचारलंस म्हणून सांगते, तो गोड बोलत नाही. खरं तर फारसं बोलतच नाही. दुपारी स्वतःसाठी चहा आणतो तेव्हा माझ्यासाठीही आणतो, कप टेबलावर ठेवतो आणि निघून जातो. आतापर्यंत मला ते चांगलं वाटत होतं. आता तो चहा प्यावा की नाही, हेच कळत नाही.

सरळ विचारून टाकू का त्याला?

टिकली


२५ जून

टिकले,

अजिबात विचारायचं नाही! विचारलंस की तो सावध होणार, चार कारणं तयार ठेवणार, आणि तुझ्या हातात काय उरणार? धत्तुरा. आधी पुरावा, मग तोंड उघडायचं.

डोक्यावरचा एक केस घे. ट्रेची कड आणि फळी यांना तो आडवा चिकटव, टोकांना थेंबभर डिंक. कुणी ट्रे उचलला की केस तुटलाच. बंद गोदामांच्या दारांना मी हेच करत असे, आणि त्यावर चांगली मोठी माणसं पकडली आहेत. तेव्हा माझ्याही डोक्यावर केस होते.

शिवाय दाराला काच असेल तर सकाळी लवकर जाऊन बाहेर उभी राहा.

चहाचं म्हणशील तर पी. फुकटचा चहा सोडायचं कारण नाही. फक्त त्याच्या बदल्यात काही सांगू नकोस.

मामा


३ जुलै

प्रिय मामा,

केस तुटला.

आणि काल मी त्याला रंगेहाथ पाहिलं. दाराला वरच्या बाजूला छोटी काच आहे, तिच्यातून. त्याने माझा ट्रे दोन्ही हातांनी उचलला, अगदी जपून, पुढच्या जागी ठेवला. मग आपला ट्रे उचलून मध्ये आणला. वर शीळ घालत होता! चोरून करतोय असं काही नाही, घरचं काम असावं तसं चाललं होतं. बाहेर आला, मला बघून हसला, म्हणाला, "आज लवकर?" मी म्हणाले, "झोप नाही लागली." खोटंही नव्हतं ते.

तो जेवायला गेल्यावर मी माझे ट्रे परत जागेवर लावले. संध्याकाळी तो कपाळाला आठ्या घालून माझ्या टेबलाशी आला.

"तू ट्रे हलवतेस का गं?"

"मी? मी कशाला हलवू?"

"नाही, मला वाटलं..." डोकं खाजवत उभा राहिला. "मग माझीच गल्लत होत असेल."

काय तो अभिनय, मामा! मला क्षणभर त्याची दयाच आली. मग स्वतःचा राग आला.

टिकली


८ जुलै

टिकले,

'मी कशाला हलवू' हे उत्तम उत्तर दिलंस. माझी भाची शोभतेस.

शीळ घालत होता याचं तुला नवल वाटतंय, मला नाही वाटत. मुरलेला माणूस घाबरत घाबरत काही करत नाही. आणि तुलाच उलटा सवाल! स्वतःच्या हाताने दुकान पेटवलेला एक इसम मला विचारत होता, साहेब, आग कुणी लावली असेल हो?

आता रोज केस चिकटवण्यात अर्थ नाही, टक्कल पडेल. पुठ्ठ्याच्या खोक्यांना लावतात ती रुंद चिकटपट्टी आण आणि ट्रे फळीला पक्के चिकटवून टाक. हलवायचे तर त्याला ती टराटरा फाडावी लागेल, आणि फाडली की तोच अडकला. नाही फाडली तर तुझी रोपं सुखाने वाढतील. दोन्हीकडून आपलंच.

मामी विचारते, चहा पिताना त्या पोराला एकदा 'का रे हलवतोस' म्हटलं तर काय बिघडेल. तिला या व्यवहारातलं कळत नाही.

मामा


२० जुलै

प्रिय मामा,

चिकटपट्टीने काम फत्ते झालं. दोन्ही ट्रे जागचे हललेले नाहीत.

पहिल्या सकाळी त्याने पाहिलं तेव्हा मी तिथेच होते. त्याने पट्टीवरून बोट फिरवलं, माझ्याकडे बघितलं. मी माझ्या मोजपट्टीत डोकं घातलं. तो काहीतरी विचारणार होता असं वाटलं, पण विचारलं नाही. तेव्हापासून तो फक्त स्वतःचे ट्रे इकडून तिकडे करत असतो. मधली जागा माझी झालीय, त्यामुळे त्याला कडेकडेनेच फिरावं लागतं. फिरू दे.

आणि रोपं! मामा, तू इथे असतास तर तुला हाताला धरून नेलं असतं. बदललेल्यांची पानं अशी रुंद आणि टवटवीत झालीत, आणि साधी बिचारी किडकिडीत. फरक नुसत्या डोळ्यांना दिसतो. उंटाचे दोन्ही ट्रे मात्र मरगळलेले, त्याच्या साध्यात आणि बदललेल्यात काही फरकच नाही.

मधे ताप आला होता. आता बरी आहे, मामीला सांगू नकोस. तेव्हा त्याने दाराखालून चिठ्ठी सरकवली, 'तुझ्या रोपांना पाणी घातलंय, काळजी करू नकोस.' मी तशीच, अंगात ताप असताना, शाल गुंडाळून वाढखोलीत गेले. पाणी बरोबर होतं. मातीचा वास घेऊन बघितला, त्यातही काही नव्हतं. मग तिथेच स्टुलावर बसून राहिले. आपण काय करतोय असं एकदा मनात आलं, पण तेवढ्यात तुझी आठवण झाली.

शेवटची बैठक ऑगस्टच्या सुरुवातीला. ताईही परत येतेय. त्यातच काय ते ठरेल.

टिकली


४ ऑगस्ट

प्रिय मामा,

जागा मला मिळाली. बाबांना सांग. कामात आहे, सविस्तर नंतर.

टिकली


८ ऑगस्ट

टिकले,

शाब्बास! तुझ्या बाबांना मी स्वतः जाऊन सांगितलं. आधी 'बरं' म्हणाले, मग चष्मा पुसत बसले, मग म्हणाले, "तुम्ही म्हणत होता ते खरं निघालं." हा माणूस मला तसं म्हणेल असं या जन्मात वाटलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत त्यांनी सगळ्या गल्लीला सांगितलं होतं. क्लासवाल्यालाही नाही म्हणून कळवलं.

आता खरं सांग, काय झालंय?

असं बघू नकोस माझ्या पत्राकडे. दोन ओळी लिहिल्यास तू. ताप आला तर पानभर लिहिणारी मुलगी जिंकल्यावर दोन ओळी लिहिते? कुठेतरी पाणी मुरतंय. त्या उंटाने धमकावलं का तुला? तसं असेल तर मी पुढच्या गाडीने येतो आणि त्याची मान सरळ करतो.

मामा


१३ ऑगस्ट

मामा,

येऊ नकोस. त्याने काही केलेलं नाही. त्याने कधीच काही केलेलं नव्हतं.

बैठकीत मी माझी रोपं दाखवली, मापं सांगितली. बाई पुढे सरकून बसल्या. म्हणाल्या, "मला हवं होतं अगदी तस्संच आलंय. असं झालं की मला धास्ती वाटते." मग ताईने सहज विचारलं, "ट्रे रोज फिरवत होतात ना?"

मला कळेना. तीच पुढे बोलली, की फळीच्या मध्यावर दिव्यांचा उजेड जास्त पडतो, टोकांना कमी, आणि दाराकडे वारा लागून माती वाळते. म्हणून रोपं उगवली की सकाळी जो पहिला येईल त्याने सगळे ट्रे एकेक जागा पुढे सरकवायचे, म्हणजे कुणाचेच लाड होत नाहीत. इथे सगळे हे करतात. घरात शिरताना चपला काढाव्यात इतकं साधं आहे ते, कुणी मुद्दाम सांगतही नाही. पहिल्या दिवशी तेवढं सांगतात.

पहिल्या दिवशी मी नव्हते.

मामा, माझी रोपं त्या जनुकामुळे वाढली नाहीत. कदाचित वाढलीही असतील, पण आता ते कुणालाच सांगता येणार नाही. ती दिव्याखाली बसून वाढली, कारण मी त्यांना चिकटवून ठेवलं. आणि मधली जागा मी अडवल्यामुळे त्याचीही रोपं कडेकडेने सुकत राहिली. तो रोज सकाळी माझं काम करत होता, आणि मी रोज दुपारी त्याचं मोडत होते.

ताई उत्तराची वाट बघत होती. मी म्हणाले, "हो, फिरवत होतो."

त्याने माझ्याकडे बघितलं. चिकटपट्टी त्याने पाहिलीय, मामा. त्याला सगळं माहीत आहे. तरी तो गप्प बसला. बाईंनी जागा मला दिली तेव्हाही गप्प. बाहेर आल्यावर 'अभिनंदन' म्हणाला.

का गप्प बसला असेल तो? माझं जेवणात लक्ष नाही. बाई दिसल्या की वाटतं यांना कळलं, ताई हसली की वाटतं हिला कळलं.

टिकली


१७ ऑगस्ट

टिकले,

तुझं पत्र दोनदा वाचलं. उठून पाणी प्यालो, पुन्हा वाचलं.

झालं ते झालं. तुला सांगितलं नाही ही चूक त्यांची. पण आता नीट विचार कर. तो गप्प बसला, कारण तू त्याच्या मुठीत आलीस. आज नाही तर वर्षाच्या मध्यावर, त्याला सोयीचं असेल तेव्हा, तो मूठ उघडेल. असली माणसं हातातलं पान लगेच टाकत नाहीत.

तेव्हा त्याच्या आधी तू जा. बाईंना एवढंच सांग की त्याला मी माझे ट्रे हलवताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, म्हणून मला ते चिकटवावे लागले. यात एक अक्षरही खोटं नाही. बाकीचं कुणी विचारलं नाही तर सांगायची गरज नाही. मग तो काहीही म्हणाला तरी जागा हुकल्याचा राग काढतोय असंच दिसेल.

घराचा विचार कर. तुझे बाबा रोज कुणा ना कुणाला सांगताहेत. त्यांना मी आता काय तोंड दाखवू?

हे पत्र वाचून झालं की फाडून टाक.

मामा

टिकले, मी मामी. ह्यांनी पत्र पाकिटात घालायला दिलं, ते मी वाचलं. जन्मभर हा माणूस किराण्याची चिठ्ठीसुद्धा जपून ठेवत आलाय. आज पहिल्यांदा काहीतरी फाडायला सांगतोय. माझं म्हणणं एवढंच आहे. जेवत जा.


२६ ऑगस्ट

प्रिय मामा,

तुझं पत्र फाडलं नाही. परतही पाठवत नाही, माझ्याकडेच राहू दे.

खरं सांगते, ते वाचल्यावर मला हायसं वाटलं होतं. तू लिहिलेली वाक्यं मी खोलीत दोनदा म्हणूनही बघितली. बाईंकडे जायला निघणार, तेवढ्यात त्यांचंच बोलावणं आलं.

उंट त्यांना आधीच भेटून गेला होता. म्हटलं, उघडली मूठ! पण बाई म्हणाल्या, "तो म्हणतो, शेवटचे काही आठवडे ट्रे नीट फिरले नाहीत. फिरवायचं काम त्याने अंगावर घेतलं होतं, अडचण दिसूनही त्याने विचारलं नाही, तेव्हा चूक त्याची. दोघांचेही निष्कर्ष धरू नका म्हणतो. असंच झालं का?"

माझं नाव त्याने घेतलं नव्हतं. चिकटपट्टीचंही नाही. मी नुसती मान हलवली असती तर मला पुन्हा बी पेरू दिलं असतं, जागाही राहिली असती. आणि तू दिलेली वाक्यं तर ओठांवरच होती.

मला ती बोलता आली नाहीत, मामा. तो मोठा भला आहे म्हणून नाही. मला एवढंच दिसत होतं की आता 'हो' म्हटलं तर वर्षभर दाराच्या काचेतून मीच आत बघत उभी राहणार. मी सगळं सांगितलं. रोज ट्रे परत जागेवर ठेवत होते ते, केस, चिकटपट्टी, त्याने विचारलं तेव्हा नाही म्हणाले ते, आणि बैठकीतलं 'हो'.

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या मापांचा कागद घडी घालून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "ट्रे चिकटवलेस, ते न कळून. त्यावर इलाज आहे, पुन्हा पेरायचं. तू 'हो' म्हणालीस त्यावर माझ्याकडे इलाज नाही. इथे मी एकेका रोपाचं माप स्वतः घेऊ शकत नाही गं, तुम्ही सांगाल ते धरून चालते."

जागा त्याला दिली. मी रविवारच्या गाडीने घरी येतेय. बाबांना मी स्वतः सांगेन, तू आधी जाऊन काही बोलू नकोस. क्लासची फीही पुन्हा मीच विचारेन.

प्रयोगशाळा सोडायच्या आधी वाढखोलीत गेले. तो ट्रे धूत होता, माझेसुद्धा. फळीवरचा पट्टीचा चिकटा नखाने खरवडून झाला होता. मी त्याला विचारलं, बैठकीत गप्प का बसलास. त्याने हात पुसले, जरा विचार केला आणि म्हणाला, "मला वाटलं, तू सांगशील. नाही सांगितलंस, मग मी माझ्यापुरतं सांगितलं."

एवढंच म्हणाला. मी अजून थांबले, पुढे काहीतरी येईल म्हणून. त्याने पुढचा ट्रे धुवायला घेतला.

मामा, मी आज दिवसभर त्या वाक्याचा मागचा पुढचा अर्थ लावत बसलेय. त्याचा काय डाव असेल, बाईंना तो असा चांगला वाटावा म्हणून म्हणाला असेल का, जागा मिळणार हे त्याला आधीच ठाऊक असेल का. काही सापडत नाही. आणि तरी तो नुसतं खरं बोलला असेल, हे मला अजून पटत नाही. जागा गेली त्याचं रडू येऊन गेलं. याचं येतंच आहे.

टिकली